बाबलआबांच्या वळणावर

आमच्या तोंडवलीत किनाऱ्याकडे जाणारी गाडी बाबलआबांच्या वळणावर आली की तिला गूळ-पाणी घ्यावंच लागतं. हातात पितळी तांब्या घेऊन आबा रस्त्याच्या मधोमध उभे. काच खाली झाली की विचारणार, "खंयसून इलास?"

"पुण्याहून, आजोबा. जरा घाईत आहोत."

"दर्यो पळान जाणा नाय. आधी गूळ-पाणी घेवा."

"आजोबा, मला शुगर आहे हो!"

"मगे नुसता पाणी घेवा. पण दमान."

पाहुणा पाणी पीत असतो आणि आबांचा दुसरा हात पाठीमागे हलत असतो. त्या इशाऱ्यावर शाळेची पोरं आणि मासळीच्या पाट्या घेतलेल्या बायका रस्ता ओलांडून जातात. आबांचं म्हणणं एकच: "रस्तो माणसांचो. गाडी पावणी. पावण्यान हळू येवचा."

मी "आमच्या तोंडवलीत" म्हणते खरी, पण मी लातूरकडची. आठवीनंतर शाळा सुटली आणि ओळखीतून इथे पर्यटकांच्या घरगुती खाणावळीत स्वयंपाकाला लागले. मुळात मी भित्री. त्यात हे आंधळं वळण, दोन्ही बाजूंना जांभ्या दगडांच्या कुंपणभिंती, इकडचे गडगे. गाडी आली तर बाजूला व्हायला जागाच नाही. आबा आहेत म्हणून मी रोज जीव मुठीत धरून का होईना, कामाला पोचत होते.

एकदा आबा तापाने पडले होते. त्याच दिवशी एक जीप भन्नाट आली. मी गडग्याला चिकटले, भाजीची पिशवी रस्त्यावर आणि कोपर सोललं. दुसरं काही झालं नाही, देवाची कृपा. पण गावात बोलाचाली झाली आणि ग्रामसभेत ठराव आला: रस्ता रुंद करायचा, गडगे पाडायचे, वळणावरच्या सुरंगी तोडायच्या.

आबा अंगात ताप घेऊनच उठले. "रुंद केलास तर गाडी आणखी धावतली! आणि सुरंगीची झाडा काय तुमच्या बापाशीन लावल्यानी?"

सरपंचबाई त्यांच्याच भावकीतल्या, त्या कशाला ऐकतायत. "मगे माणसान चलायचा खंय, आबा? तुमच्या डोक्यार?"

सगळे हसले. मी मात्र मान खाली घातली. माझ्यामुळेच हे सगळं, असं मला वाटत होतं.

आबांनी माझ्या कोपराच्या पट्टीकडे पाहिलं. मग म्हणाले, "माझ्या खळ्यातसून."

आबांचं खळं, म्हणजे वळणाला लागूनच असलेलं घरापुढचं अंगण, हे गावातलं सोवळं प्रकरण. ते स्वतः शेणाने सारवतात, आणि वाळेपर्यंत कोंबडीलाही वाट वाकडी करावी लागते. पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी गडग्याला दोन्ही टोकांना वाट पाडली. वळणाच्या अलीकडे खळ्यात शिरायचं, पलीकडे निघायचं. रस्ता तेवढाच राहिला, सुरंगीही राहिल्या.

पहिले काही दिवस आबा खुर्ची टाकून ओरडायचे, "गुरांसारखे चलू नकात, शेण उखाडता!" मग नुसतं बघत बसू लागले. घरात ते एकटेच. मी जाताना म्हणायची, "येते हां, आबा." ते मान हलवायचे, बस.

मागच्या आठवड्यात मला बरं नव्हतं, कामाला गेले नाही. संध्याकाळी माझ्या खोलीच्या दारात काठी वाजली. आबा! किनाऱ्यावरून गाड्या परतायची ती वेळ, आणि हा माणूस गडग्याला हात लावत लावत एकटा चालत आलेला.

"आज गेलंस नाय खळ्यातसून. बरी आसस मा?"

"जरा कसकस होती, आबा. पण तुम्ही कशाला आलात?"

"'येते' म्हणतंस, ता आयकल्याबगर माका पेज जाणा नाय," आबा जवळजवळ रागावूनच म्हणाले. "सकाळची तशीच आसा."

मी चटकन चपला घातल्या आणि त्यांना पोचवायला निघाले. गाड्यांच्या बाजूने मी, गडग्याच्या बाजूने ते. थोडं चालल्यावर आबांनी विचारलं, "तुमच्या गावाक येवचा झाला तर खंय उतरूचा?"

आजवर इथे मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी सांगू लागले. फाट्यावर उतरायचं, आबा. तिथून पायवाट आहे, बाभळींच्या कडेकडेने. घर विचारावं लागत नाही. आई दारातच असते.