छाननीला गेलेले खेळ

एका जंगलात, बाळांनो, एक सार्वजनिक वाचनालय होते. सार्वजनिक म्हणजे सगळ्यांचे. म्हणून पुस्तके काचेच्या कपाटांत असत, कपाटांना कुलपे असत आणि किल्ल्या अध्यक्ष अण्णासाहेब अस्वल यांच्या कमरेला असत. पिल्लांचे हात मळके असतात ना!

पुस्तके अगदी कोरी राहिली. वाचक तेवढे उरले नाहीत.

शेवटी सिंहमहाराज म्हणाले, "दिवाळीपर्यंत इथे गर्दी दिसली नाही, तर वाचनालय मोडून मंगल कार्यालय काढू."

ग्रंथपाल साळिंदरबाई रडकुंडीला आल्या. त्यांचा फार जीव होता हो त्या पुस्तकांवर! त्यांनी धीर करून पिल्लांसाठी टीव्ही आणि व्हिडिओ गेम मागवले.

अण्णासाहेब गुरगुरले, "सरस्वतीच्या घरात धुडगूस?"

"त्या निमित्ताने पिल्लं येतील तरी, अण्णा."

"आधी छाननी! नवं काही आलं की ते प्रथम कार्यकारिणीच्या घरी जातं. आपली परंपराच आहे तशी."

होतीच. नवी कादंबरी आली की ती आधी वर्षभर अण्णांच्या उशाशी लोळत असे.

तर टीव्हीसकट खेळ अण्णांच्या गुहेत गेले. मागोमाग कार्यकारिणीही गेली. इकडे पिल्ले रोज वाचनालयात येऊन वाट बघत बसली. खेळ काही परत येईनात.

कंटाळून एका सशाने काचेला नाक लावले. "बाई, तोवर ते वाघाचं पुस्तक बघू?"

बाई धावत गुहेत गेल्या. सगळी कार्यकारिणी पडद्यासमोर मांडी ठोकून बसली होती. जेवणाची ताटे तशीच पडली होती.

"अण्णा, कपाटांच्या किल्ल्या हव्या होत्या."

"घ्या, घ्या! पण बाजूला व्हा बाई, राक्षस आला!" अण्णांनी न बघताच किल्ल्या भिरकावल्या.

कपाटे उघडली. मळके हात लागले, पाने दुमडली, दोनचार फाटलीसुद्धा. दिवाळीत महाराज आले, तर त्यांना आत पाय ठेवायला जागा मिळेना. मंगल कार्यालय बारगळले.

दुसऱ्याच दिवशी साळिंदरबाईंनी आणखी खेळ मागवले. ते त्यांनी वाचनालयात आणलेच नाहीत. थेट अण्णांच्या गुहेत पोचते केले.

तात्पर्य : खेळांमुळे वाचन बुडते, हे साफ खोटे. फक्त ते योग्य वयाच्या हातात पडले पाहिजेत. मुलांनी वाचावे असे वाटत असेल, तर आधी थोरामोठ्यांना खेळायला बसवावे.