आधी भाव, मग तावदान

शिवरामदादांना कुणी "काय ते घे" म्हटलं की ते खाली बसायचे. अक्षरशः खाली. खांद्यावरची शिडी भिंतीला टेकवायची, बादली पायाशी ठेवायची आणि गिऱ्हाइकाच्या पायरीवर मांडी घालायची. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही, एस.टी.ची वाट बघणाऱ्या माणसासारखे शांत. घरातून कुणी ओरडलं, "अरे, सुरुवात का करत नाहीस?" की उत्तर ठरलेलं.

"भाव ऐकायची सवड झाली की हाक मारा. मी हाय हितंच."

त्यांचा धंदा खिडक्यांची तावदानं पुसण्याचा. आज कुणाला खरं वाटणार नाही, पण कर्जतसारख्या गावात त्या काळी एक माणूस एवढ्या एका कामावर पोट भरत होता. नेरळपासून खोपोलीपर्यंत मुंबईकरांचे बंगले होते, वर्षातले दहा महिने बंद. रेल्वेच्या साहेबांची घरं होती, दवाखाने होते, एक फोटो स्टुडिओ होता. आम्हा गावच्या लोकांच्या खिडक्यांना लाकडी दारं. कडावच्या आमच्या घरात काच म्हणाल तर कंदिलाची, आणि ती पुसायचं काम आईचं.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. कर्जतच्या हायस्कुलात शिक्षक म्हणून लागलो तेव्हा नवे पैसे नुकते आले होते आणि बाजारात निम्मे लोक अजून आण्यांतच बोलत होते. दहिवलीत एका चाळीत खोली घेतली. शेजारच्या खोलीत शिवरामदादा. एकटेच. बायको लग्नानंतर दोनच वर्षांत गेली आणि त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही, एवढं चाळीतून कळलं. बाकीचं त्यांच्याकडून हळूहळू कळत गेलं.

खडूची पूड, रॉकेलचे दोन थेंब आणि जुना पेपर, एवढी त्यांची सामग्री. पण पेपरही वाटेल तो चालत नसे. "मराठी पेपर शाई सोडतो," ते म्हणायचे, "इंग्रजी पेपरानं काच बोलते." माझं इंग्रजी कच्चं म्हणून मी एक इंग्रजी पेपर लावला होता. दादा संध्याकाळी दारात यायचे. "मास्तर, वाचून झाला?"

"अहो, अजून पहिलंच पान चाललंय."

"मंग बेगीनं वाचा की. उद्या नेरळचं काम हाय."

चार महिन्यांत मी अग्रलेखापर्यंत पोचलो. माझं इंग्रजी सुधारलं त्यात माझ्या प्राध्यापकांइतकाच दादांच्या बादलीचा वाटा आहे, हे मी कृतज्ञतेनं नमूद करतो.

त्यांची भाव करायची पद्धत बघण्यासारखी होती. आधी हात पाठीमागे बांधून घराला तीन फेऱ्या. पहिल्या फेरीत नुसतं मोजायचं. दुसरीत जात ठरवायची, कारण तावदान म्हणजे सगळं एक नसे. 'साधं' म्हणजे हात पोचेल ते. 'शिडीचं' म्हणजे शिडी लावावी लागेल ते. आणि 'रडकं' म्हणजे रंगाऱ्यानं ज्यावर ओघळ सोडलेत ते, नखानं खरवडून काढावं लागतं. साध्याला दहा नवे पैसे, शिडीच्याला वीस, रडक्याला पंचवीस. तिसरी फेरी कशासाठी, हे मी एकदा विचारलं. "मालक बगत असतो," ते म्हणाले, "त्याला वाटाया पायजे, हा माणूस विचार करतोय."

मग अंगणात मधोमध उभं राहून, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात, एकूण तावदानं किती, कुठल्या जातीची किती, रुपये किती. आणि शेवटी, "मान्य हाय?"

गिऱ्हाइकानं तोंडानं 'मान्य' म्हणायचं. नुसती मान हलवलेली चालत नसे. "मान तर बैलबी हलवतो," असं ते गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचे.

स्टेशनजवळचे डॉक्टर भारी घाईचे. एकदा ते आतूनच म्हणाले, "शिवराम, काय ते घे रे, कर सुरू." दादा बसले पायरीवर. एक पेशंट आला, त्याला वाटलं हाही पेशंटच, तो मागे बसला. त्याच्यामागे दुसरा. तासाभरात पायऱ्यांवर पाच जण आणि आत डॉक्टर एकटेच टेबलावर बोटं वाजवत. कंपाउंडर बाहेर आला. "अरे, आत का येत नाय कुणी?"

"ह्यांचा नंबर पयला हाय," एक म्हातारी दादांकडे बोट दाखवून म्हणाली. "ते जात न्हाईत त्याला आमी काय करू?"

डॉक्टर स्वतः बाहेर आले, स्टेथोस्कोप गळ्यात तसाच, आणि हात जोडून म्हणाले, "बोल बाबा तुझा भाव." भाव झाला दीड रुपया. तो ऐकायला पाव मिनिट लागलं.

नेरळच्या एका शेठजींची गोष्ट याहून वरची. ते टांग्यात बसता बसता "काय ते घे रे!" ओरडले आणि मुंबईला निघून गेले. आता पायरीवर बसून तरी काय उपयोग? दादा त्या संध्याकाळी एक पोस्टकार्ड घेऊन माझ्याकडे आले. माझ्या पदवीचा पहिला खरा उपयोग तो. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: "कृ. सा. न. वि. वि. आपल्या बंगल्याची तावदाने एकूण चाळीस. पैकी एकतीस साधी, सात शिडीची, दोन रडकी. रुपये पाच फक्त. मान्य असल्यास उलट टपाली कळवावे."

आठ दिवसांनी उत्तर आलं: "मान्य. परंतु रडकी म्हणजे काय?"

दादांनी ते मला दोनदा वाचायला लावलं. मला वाटलं चिडतील. पण त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "बगितलंत? इचारलं त्यानं," ते म्हणाले. मग आम्ही रडक्या तावदानाची व्याख्या कळवणारं दुसरं कार्ड धाडलं.

या हट्टाचं कारण मी विचारलं ते बऱ्याच उशिरा. मला वाटत होतं, कुणीतरी लहानपणी फसवलं असणार, कमी पैसे दिले असणार. दादा हसले. "कमी? आवो, जास्त दिलं!" तरणे होते तेव्हा एका मोठ्या बंगल्यात तीन दिवस काम केलं होतं. बाई म्हणाली होती, काय ते देऊ. तिसऱ्या दिवशी तिनं मूठभर रुपये दिले, वर लाडू आणि एक सदरा दिला. कुणीही खूश झाला असता.

"आन् मग?"

"मग काय. निगताना मी म्हनलं, बाय, वरच्या माडीची बगितली का? ती म्हनली, तिथं खिडक्या हायत व्हय? मास्तर, तिथंच माझा येक दिवस गेला हुता." मग ते माझ्याकडे वळले. "भाव सांगताना कसं, मानूस आपल्यासंगं उबा ऱ्हातो. आपण बोट दाकवतो तिकडं बगतो. 'काय ते घे' म्हनलं की दार लावून आत."

मी ते ऐकलं, मान डोलावली, आणि पुढे वीस वर्षांनी मीच ते विसरलो.

मधल्या काळात माझं लग्न झालं. सुमन खालापूरकडची, तिची आई चौकच्या बाजारात भाजी विकायची. ती दादांना मामा म्हणू लागली, ते तिला सूनबाई. आम्ही पैसे साठवून दहिवलीतच दोन खोल्यांचं घर बांधलं. आमच्या घराण्यातलं काचेच्या खिडक्यांचं पहिलं घर. चार खिडक्या, आठ तावदानं.

दादा तोवर थकले होते. डोळ्यांत दुधासारखी साय आली होती. मोतीबिंदू असणार, पण ते कबूल करत नसत, "ऊन लागतंय" म्हणायचे. बंगलेवाले अजून बोलवायचे, पण बोलण्यात एक फरक पडला होता. पूर्वी ते "काय ते घे" म्हणत, आता "काय ते घ्या, दादा" म्हणू लागले होते. 'घे'चं 'घ्या' झालं होतं आणि त्यात दया आली होती. दादा पायरीवर बसायचे ते मात्र तसेच. आता कुणी उठवायला येत नसे. हातात पैसे ठेवून निघून जात.

अशात ते एक दिवस शिडी घेऊन आमच्या नव्या घरी आले. मी भारावून गेलो. ज्या माणसाच्या शेजारी नोकरीची पहिली वर्षं काढली, तो माझ्या घराच्या काचा पुसायला आला! मी म्हणालो, "दादा, तुमच्याशी कसला भाव करायचा? काय ते घ्या."

ते क्षणभर माझ्या आवाजाच्या दिशेनं बघत राहिले. "तुमीसुदा, मास्तर?" एवढंच म्हणाले. या वेळी ते बसले नाहीत. शिडी उचलली आणि चालू लागले.

पंधरा दिवस त्यांनी आमचं दार टाळलं. मी सुमनला सांगितलं, "काय चुकलं कळत नाही. आपल्याच माणसाशी भाव कसा करायचा?"

"आपल्या मानसाशीच करायचा," ती म्हणाली. "परक्याचं काय, पैसे टाकले की झालं. येवढे शिकलात आन् येवढं कळंना?"

ती तशीच चाळीत गेली. मी मागोमाग. दादांच्या दारात कमरेवर हात ठेवून ती म्हणाली, "मामा, काचा घाण झाल्यात. भाव सांगाया या. पन जास्त सांगितलात तर दुसरा बघीन हां."

"दुसरा कोन हाय गं?"

"नसंल तर मीच पुसीन. काच पुसाया काय लागतंय!"

"तू पुसशील? वरखडं पाडशील तू!" म्हणत दादा उठलेच.

आमच्या घराला त्यांनी तीन फेऱ्या मारल्या. हात पाठीमागे नव्हते. तळवा भिंतीवरून फिरवत, चौकट लागली की काचेला बोट लावून पुटपुटत चालले होते. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यावर ते अडखळले, मागे आले आणि तेच तावदान पुन्हा मोजलं. मग अंगणात उभे राहून मोठ्यानं म्हणाले, "नऊ तावदानं. समदी साधी. साडेचार रुपये. मान्य हाय?"

चूक सुधारणं हा माझा पेशा. मी तोंड उघडलं, तेवढ्यात सुमननं माझा दंड असा दाबला की मी गप्प.

"नवाचे साडेचार?" ती म्हणाली. "लूट हाय का? चार घ्या."

"आठ आणे तावदान हाय गं हल्ली."

"बंगल्याला. माज्या खिडकीतनं काय डोंगर दिसतोय? समोर म्हशी."

"म्हशी दिसूद्यात, पन नीट दिसतील!" दादा असे हसले की खोकला आला. सव्वाचारवर ठरलं. 'मान्य' सुमननं आळीला ऐकू जाईल असं म्हटलं.

काम सुरू झालं. हात मात्र पूर्वीचाच होता. एक ओघळ राहिला नाही. आठवं तावदान झाल्यावर ते थांबले. "आता नववं," म्हणाले, आणि भिंतीवर तळवा ठेवून निघाले. एक फेरी झाली. चौकटी लागत होत्या, पण साऱ्या पुसलेल्या. दुसरी फेरी. तळवा आता भिंतीवर जरा घाईनं फिरत होता. नवाचा भाव बोलून ते आठ पुसून जाणारे नव्हते, आणि नववं नव्हतं.

सुमन आत गेली. माझ्या वडिलांची तसबीर खिळ्यावरून काढून तिनं खिडकीच्या कट्ट्यावर टेकवून ठेवली. "मामा, हे राह्यलं बघा."

दादांनी काचेवर वाफ सोडली, पेपरचा बोळा फिरवला. कोपरा पुसताना बोटं चौकटीवरून मागे गेली, तसबीर टांगायच्या दोऱ्याला लागली आणि थांबली. समोर म्हशी रवंथ करत होत्या.

"कोन हाय हे, मास्तर?"

"वडील माझे."

"घर बगितलं का त्यांनी?"

"नाही दादा. पाया खणला आणि गेले."

त्यांनी नवा पेपर घेतला आणि ती काच पहिल्यापासून पुन्हा पुसली. मग तसबीर दोन्ही हातांनी सुमनकडे दिली. "आठांचेच घेईन, सूनबाई," हळूच म्हणाले.

"नवाचं ठरलंय," ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

आम्ही दोघंच उरलो. दादांनी कानोसा घेतला, माझ्याजवळ सरकले आणि आयुष्यात पहिल्यांदा इतक्या खालच्या आवाजात बोलले. "मास्तर, रविवारी मोकळे असता?"

"असतो की."

"माज्यासंगं येत जावा. मी घराला फेरी मारीन, तुमी मागनं नुसता आकडा सांगायचा. हळू. गिऱ्हाइकाला कळता कामा नये." थोडं थांबून ते म्हणाले, "ह्याचं काय घ्याल?"

'अहो दादा, तुमच्याकडून काय घ्यायचं' हे वाक्य माझ्या ओठांवर तयार होतं. सुमन दारात कपबशी घेऊन उभी होती. मी ते वाक्य गिळलं, ताठ बसलो आणि थोडा विचार केल्यासारखं केलं.

"एका घराला आठ आणे."

"आठ आणे!" दादांचा आवाज पुन्हा आळीभर गेला. "नुसते मोजायचे आठ आणे? मास्तर, इंग्रजीत मोजणार हाय का?"

सहा आण्यांवर यायला आम्हाला तिन्हीसांज झाली. घाई दोघांनाही नव्हती.