तात्यांचा पाशा

डहाणूच्या बंदरात कुणाचं इंजिन बंद पडलं, की धनातात्या तांडेल मदतीला धावतात. पण हात लावायच्या आधी एकच विचारतात, "पाशाकडे इंजिन होतं काय?"

हा पाशा म्हणजे शेकडो वर्षांपूर्वीचा, तुर्की सुलतानाच्या आरमारातला सरदार. शेतकऱ्याचा पोर, तोफेवर लागला, कप्तान झाला आणि त्याने अख्खा भूमध्य समुद्र दणाणून सोडला. मी शाळेत इतिहास शिकवतो, त्यामुळे त्याच्यावरचं पुस्तक तात्यांच्या हाती देण्याचं पाप माझंच. २०१५ साली नेलेलं पुस्तक अजून परत आलेलं नाही.

तेव्हापासून बर्फ उशिरा आला तर पाशा, जाळं फाटलं तर पाशा. बोंबील वाळत घालणाऱ्या बायकांनाही किल्ल्याला वेढा कसा घालायचा ते ऐकावं लागतं. तात्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणतात, "त्या मेल्याला एकदा जेवायलाच बोलवा."

मी पडलो मास्तर, चुकीचं मला ऐकवत नाही. तात्यांनी गोष्टीत पाशाला आपल्याकडचं पापलेट खाऊ घातलं, की मी भर बाजारात टोकतो. "सर, तुम्ही पुस्तक वाचलंत, मी समुद्र वाचलाय," असं म्हणून ते मला गार करून टाकतात.

एक प्रकरण मात्र ते रोज सांगतात. पाशा शत्रूच्या हाती सापडला, साखळदंडात वल्ही मारत राहिला. चार वर्षांनी त्याचा वरिष्ठ सरदार ताफा घेऊन शत्रूच्या बंदरापुढे उभा राहिला आणि त्याला सोडवून घेऊन गेला.

तात्यांचा धाकटा भाऊ सुरेश गुजरातच्या बोटीवर खलाशी होता. मासळीमागे जाता जाता बोटीने सरहद्द ओलांडली. पुस्तक नेलं त्याच वर्षी हे झालं, आणि तेव्हापासून सुरेश पलीकडच्या तुरुंगात आहे. त्याला त्या बोटीवर तात्यांनीच लावलं होतं.

"पाशाने चार काढली. आपल्या सुऱ्याची अजून तीनच झालीत," ते छातीठोकपणे सांगायचे.

मग चारही झाली. सुटून येणाऱ्या खलाशांची यादी आली, तिच्यात सुरेशचं नाव नव्हतं. त्या संध्याकाळी तात्या माझ्या ओट्यावर येऊन बसले. म्हणाले, "सर, पुस्तकात वर्षं चुकली असतील का हो? पाच असतील?"

उभ्या जन्मात मी कुणाला सनावळी चुकू दिलेली नाही.

"पाचच," मी म्हणालो. "छापताना चूक झालीय."

"मला वाटलंच," तात्या म्हणाले, आणि उठून जाळं शिवायला गेले.