केसोबाचा पहिला नंबर

एका जंगलात केसोबा नावाचं अस्वल राहायचं. त्याच्या गुहेत खेळाचं मशीन होतं. उभं कपाट, वर काचेचा पडदा, खाली एक दांडी आणि लाल बटण. चिंचोका टाकला की पडद्यावर भुतं उतरायची. दांडी हलवायची, बटण दाबायचं, भुतं मारायची. जंगलात वीज कुठून आली, असं ज्याला विचारायचं असेल त्यानं आत्ताच उठून अभ्यासाला बसावं.

केसोबा जन्मात कशात पहिला आला नव्हता. मध काढण्यातसुद्धा त्याची बायको पुढं. पण या खेळात त्यानं एकदा चाळीस हजार भुतं मारली. पडद्यावर वरच्या ओळीत नाव आलं : केसोबा. तीनच अक्षरं मावायची, ती पुरली.

पंचाईत एकच. मशीन बंद केलं की नाव पुसलं जायचं. म्हणून केसोबानं दोन वर्षं ते बंदच केलं नाही.

आणि आता दसऱ्याला व्याही येणार होते. डोंगरापलीकडचं बडं अस्वल. त्यांच्याही घरी असलंच मशीन. भर लग्नात म्हणाले होते, "चाळीस हजार? डोळ्यांनी बघू तेव्हा खरं."

खंडेनवमीला केसोबानं आधी पडद्यावर कोरा खण पसरला, मग मशीन पुढून-मागून ओल्या फडक्यानं घासलं. हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. पूजेतल्या वस्तूला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नसतो. नाही लावला. दसऱ्याला सकाळी खण उचलला, तर पडदा काळा ठिक्कर. आत भुतं मात्र किंचाळत होती.

"अगं, माझं नाव गेलं!"

"होतं कधी?" बायको भाकरी थापत म्हणाली.

साळिंदर मेस्तरींना बोलावलं. अंगावर शंभर काटे, त्यामुळे त्यांना वेगळी हत्यारं लागत नसत. त्यांनी मशीनला कान लावला.

"जीव आहे. तोंड तेवढं गेलंय. बंद करून चालू करू."

"बंद म्हणालात तर एकेक काटा उपटीन."

"मग चालू मशीनमध्ये काटा घालू? दोन बायका आहेत मला. एकदम दोघींचं कपाळ पांढरं व्हायचं."

शेवटी ठरलं. मेस्तरींनी मागं बसून सुक्या काडीनं एकेक वायर हलवायची. पडदा कधी लुकलुकतो, ते केसोबानं पुढून बघायचं. पण पडद्यावर काही हललं तरच लुकलुक कळणार, म्हणून तोवर खेळ चालू ठेवायला कुणीतरी हवं.

मशीनच्या मागं चिचाक्का नावाची चिचुंदरी राहायची. तिथं ऊब असायची. बिचारी डोळ्यांनी अधू, अंगाला वास. केसोबा नाक दाबल्याशिवाय तिच्याशी बोलत नसे.

"चिचाक्के, दांडी धर."

"मेल्या, मला कुठं दिसतंय?"

"इथं कुणालाच दिसत नाही. धर."

चिचाक्का बसली. दोन वर्षं ती मागून हेच ऐकत होती. डावीकडचं भूत शिटी मारतं, उजवीकडचं खोकतं, खालून येतं ते ढेकर देतं. सगळं तिला पाठ. शेवटी नाव लिहायला किती वेळा टिकटिक करायची, तेसुद्धा पाठ.

मेस्तरींनी सगळ्या वायरी हलवल्या. बायकोनं मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. मेस्तरींनी मशीनला एक थाप मारली. मग केसोबानं मेस्तरींना एक मारली. पडदा काळाच. केसोबा त्यात स्वतःचं रडवेलं तोंड बघत बसला.

"अहो मेस्तरी," खेळता खेळता चिचाक्का म्हणाली, "मागं एक गोल खुंटी आहे. मी रोज तिला पाठ घासते. काल केसोबाचं फडकं फिरलं, तेव्हापासून ती उलटी वळलीय."

"तू खेळ," मेस्तरी म्हणाले. "हे शिकलेल्यांचं काम आहे."

चिचाक्काचा डाव संपला, तिनं शेवटची टिकटिक केली. एवढ्यात बाहेरून हाक आली, "अहो व्याही, सोनं घ्या!" हातात आपट्याची पानं घेऊन व्याही दारात हजर.

केसोबाची पाचावर धारण बसली. तो मागं धावला आणि खुंटी पिरगाळली. पडदा लख्ख उजळला! बिघाड कसला नि काय, पुसता पुसता उजेडाचीच खुंटी शून्यावर गेली होती.

व्याही पडद्यापुढं उभे राहिले आणि मोठ्यानं वाचू लागले.

"पहिला नंबर, चिचाक्का. एकसष्ट हजार. दुसरा, केसोबा. चाळीस हजार. अहो, म्हणजे तुमचं खरंच होतं की! मी उगाच बोललो. पण ही चिचाक्का कोण?"

"मी हो," चिचाक्का म्हणाली. "तुम्हाला वास येत असेलच."

 केसोबानं खाली वाकून वायर उपटली.

"बघितलंत?" तो म्हणाला. "बिघडलंय. वाटेल ते दाखवतंय."

मेस्तरी भरपेट जेवून गेले. मशीन थंड पडलं, म्हणून चिचाक्का व्याह्यांबरोबर निघून गेली. हल्ली तिकडच्या मशीनवर व्याही दुसरे आहेत.

केसोबाचं मशीन अजून तसंच आहे. दर खंडेनवमीला त्याला माळ पडते. आल्यागेल्याला केसोबा काळ्या पडद्याकडं बोट दाखवून सांगतो, "आत पहिला मीच आहे."

तात्पर्य : बिघडलेली वस्तू दुरुस्त करू नये. ती बिघडलेली असते, तोवर पहिले आपणच असतो.