बारा परांच्या

फाटकाबाहेर जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला स्टोअरकीपरची सही लागे आणि स्टोअरकीपर पडले महासंशयी. अख्खी प्रयोगशाळा त्यांना शंकासुर म्हणायची. संशोधक बाईंचा गेटपास त्यांनी दोनदा परत पाठवला होता. "नॅनोफायबर स्कॅफोल्ड म्हणजे काय? माणसाला कळेल असं लिहा की!" तिसऱ्यांदा बाईंनी वैतागून लिहिलं, 'हळदीच्या परांच्या, नग बारा'. तिथेच माशी शिंकली.

साडेतीनला शंकासुर जातीने वर आले. चारला रुग्णालयाची गाडी सुटणार होती. ती चुकली की जखमांवरची चाचणी थेट पुढच्या वर्षी, म्हणजे बाईंची तीन वर्षांची मेहनत पाण्यात.

"घर कुणाचं बांधताय?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"घर नाही हो काका! जखमेवर ठेवायची परांची. हळदीचा अर्क घातलेली. तिच्या आधाराने नवी कातडी धरते."

"बांबू कुठायत?"

बाईंनी काचेची बशी पुढे केली. आत कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ, पिवळसर चकती. शंकासुरांनी चष्मा वर केला, मग खाली केला.

"ह्याच्यावर गवंडी चढणार?"

"गवंडी नाही, पेशी चढतात. नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत."

"बांबू नाहीत, गवंडी दिसत नाहीत. वा, वा! नंबर पडल्याशिवाय एक नग हलणार नाही." आणि त्यांनी खिशातून शिक्का काढला.

"अहो, नको!" बाई ओरडेपर्यंत ठप्प झालंसुद्धा. शिक्का वर आला तो चकतीला घेऊनच. शंकासुरांनी ती नखाने खरवडून काढली.

"नग अकरा," ते शांतपणे म्हणाले आणि दुसऱ्या बशीकडे वळले. चाचणीला दहा तरी हव्याच होत्या. बाईंनी अख्खा ट्रे पोटाशी धरला.

"बरं, माल परत कधी जमा करणार?"

"परत नाही येत तो. जखम भरली की अंगातच विरघळतो."

झालं! तीस वर्षांत मोडक्या स्टुलाचा चौथा पायसुद्धा वसूल केलेला हा माणूस. "विरघळतो? म्हणजे पुरावाच शिल्लक नाही! पाणी मुरतंय कुठेतरी, मॅडम!"

खाली गाडीचा हॉर्न वाजला. बाईंना रडूच फुटलं. "काका, जखम भरली तर माल परत कशाला येईल? परत आला तर समजा, औषध खोटं आणि मीही खोटी. मग खुशाल पकडा मला!"

शंकासुर थबकले. समोरच्याला पकडायची इतकी सोपी युक्ती त्यांना आजवर कुणी आपणहून दिली नव्हती. त्यांनी बाराचे अकरा केले, झोकात सही ठोकली आणि खाली वळणदार अक्षरात शेरा मारला : 'माल परत आल्यास सखोल चौकशी करावी.'