मार्थाकाकूंची बरणी

सॅम्युअल मास्तरांनी मला लिंबाच्या लोणच्यात फसवलं. माळव्यातल्या अख्ख्या धार गावात मला फसवणारा हा एकच माणूस निघाला, आणि तोही भिंतीला भिंत लागून राहणारा.

मी जुन्या मोटारपंपांचा व्यापारी. भंगारातून वर आलो तो भाव पाडून. मास्तरांचं उलटं. भाजीवालीनं वीस म्हटलं की हे म्हणणार, "बाई, पंचवीस घे, उन्हात बसतेस." शेजारी मी उभा असलो की माझाही भाव बिघडायचा. मी चिडलो की त्यांचं ठरलेलं वाक्य, "भाव कुणीही पाडतो, भिया. चढवून दाखव!"

सुगीच्या सणाला त्यांच्या चर्चच्या अंगणात लिलाव असतो. लोक घरचे भोपळे, अंडी, कोंबड्या देवाला वाहतात आणि मग आपणच बोली लावून घेतात. घेतलेली वस्तू परत लिलावात ठेवायची रीत. एकच अंडं सकाळभर विकलं जातं, खात कुणीच नाही! असला धंदा मी जन्मात पाहिला नव्हता. पुकारा मास्तरांचा. डोक्यावर हॅट, हातात लाटणं.

यंदा पीथमपूरचा एक कारखाना बंद पडला आणि त्यांच्या मंडळीतली बरीच घरं कामावाचून बसली. लिलावाचे पैसे त्या घरांच्या किराण्याला जाणार होते, म्हणून मास्तरांनी मलाही ओढून नेलं.

शेवटी लोणच्याची बरणी आली. "मार्थाबाईंचं लोणचं!" मास्तर ओरडले. मार्थाकाकू म्हणजे त्यांची बायको, जाऊन काही वर्षं झाली. म्हटलं, जुनं, मुरलेलं असणार. मी पन्नास बोललो.

"पन्नासात झाकण येईल, जाधव भिया!"

लोक हसले. मागून एक बाई म्हणाली, "ही तर दरवर्षी मास्तर स्वतःच घेतात ना?"

"यंदा पाहुण्यांना मान," मास्तर लाटण्याकडे बघत म्हणाले.

माझं डोकं तापलेलंच होतं. "हजार!" लाटणं आपटलं. "आता परत ठेवा," सगळे म्हणाले. का म्हणून? रोख पैसे दिले होते. बरणी घेऊन मी घरी आलो.

पहिल्याच घासाला बायकोनं तोंड वाकडं केलं. मीठ नाही, लिंबं कडू. तशीच बरणी उचलून मी मास्तरांच्या स्वयंपाकघरात शिरलो. ते चहात कोरडी पोळी बुडवत होते.

"हे काकूंच्या हातचं? सरासर धोका आहे हा, मास्तर!"

"मीच घालतो," ते म्हणाले. "ती गेली त्या वर्षी सणात तिच्या नावाचं काहीच नव्हतं. बरं नाही वाटलं. तेव्हापासून मी घालतो आणि मीच विकत घेतो. चव कुणाला कळू नये म्हणून."

"मग यंदा का नाही घेतलीत?"

"ठेवी घेणारी ती सोसायटी बुडाली ना. निवृत्तीचे सगळे पैसे तिथेच होते."

"अहो, मग किराण्यात तुमचंही नाव घालायचं!"

"छे! त्या घरांत लेकरं आहेत." मग पोळी बाजूला ठेवून म्हणाले, "लोणचं फेक, पण बरणी देतोस परत? तिच्या माहेरची आहे. काय भाव लावशील?"

आयुष्यात पहिल्यांदा मी भाव लावला नाही. बरणी ओट्यावर ठेवून मी निघून आलो.

माझे हजार मी सोडले. पण सोसायटीचे अध्यक्ष अजून नव्या गाडीतून बाजारात हिंडतात, हार घालून घेतात. त्यांनी एकदा त्या अंगणात यावं, ते कडू लोणचं चाखावं आणि सगळ्यांसमोर सांगावं, पुढच्या सणाला मार्थाकाकूंची बरणी मास्तरांनी कुठल्या पैशानं सोडवायची?