राज्याच्या आरोग्यमोजणीची आणि तळपेठेच्या दवाखान्याची हकीकत

श्री आरोग्यदायिनी प्रसन्न. जिच्या कृपेने सकाळी दोन्ही पाय जमिनीस लागतात आणि घेतलेला श्वास परत सोडता येतो, त्या देवतेस नमन करून, शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभकृतनाम संवत्सर, आश्विनमासी एका राज्यात जे वर्तले ते लिहिले आहे. राज्याचे नाव विचारू नये. नाव सांगितल्यास शेजारचे हसतील आणि घरचे रागावतील, आणि लिहिणारास दोहोंचेही भय आहे.

तर त्या राज्यावर श्रीमंत होते, स्वभावे शांत, प्रजेवर माया करणारे, फक्त शेजारच्या राज्याची स्तुती कानी पडली की त्यांस जेवण गोड लागत नसे. त्या शेजारच्या राज्याने आपल्या प्रजेचे सुख मोजून आकडा वेशीवर लाविला, ही खबर दरबारी दाखल जाहली, आणि श्रीमंतांचे चित्त उदास जाहले, आणि त्यांनी दिवाण रंगराव यांस बोलावून विचारिले की आपली प्रजा सुखी आहे की कसे. दिवाणजी बोलिले, असेलच. श्रीमंतांचे 'असेलच' या शब्दाने समाधान होईना. मग विद्वानांची सभा भरली, आणि विद्वानांनी बहुत फराळ करून आणि एकमेकांचे बहुत खंडण करून प्रश्न सिद्ध केले, ते ऐसे: प्रकृती कैसी आहे, जिणे कैसे चालले आहे, आणि घरात मिळकत किती. प्रकृतीस आणि जिण्यास दहापैकी गुण द्यावे, दहा म्हणजे उत्तम, एक म्हणजे आता देवाचेच नाव घ्यावे. मिळकतीस गुण देण्याचे कारण नाही, ती लोक आपोआपच कमी करून सांगतात, ऐसे एका वृद्ध विद्वानाने सांगितले आणि ते सर्वांस पटले.

या मोहिमेचे सेनापतिपद मोजणीखात्याचे कारभारी तिमाजीपंत यांजकडे आले. पंत गृहस्थ सरळ, हिशेबी, दुपारचा चहा टळू न देणारे. उभी हयात खात्यात गेली, आणि घरे, झाडे, गुरे, विहिरी सर्व मोजून जाहले होते, सुख तेवढे मोजावयाचे राहिले होते. दिवाणांनी त्यांस एकांती नेऊन सांगितले की मोजणी बरी उतरली तर खात्याचे प्रमुखपद तुमचेच समजा. त्या पदाची पंतांस तरुणपणापासून आस, आणि दोन वेळा ते तोंडाशी येऊन दुसऱ्याच्या घशात गेले होते. म्हणोन पंत हरखले आणि घरी येऊन कुटुंबास, म्हणजे आवडाबाईंस, ही वार्ता सांगितली. आवडाबाई म्हणाल्या चांगलं झालं, आणि जिन्याच्या कठड्यास धरून क्षणभर डोळे मिटून उभ्या राहिल्या, आणि पंतांस वाटले की आनंदाने यांना भरून आले.

मग मोहीम निघाली. पुढे रिक्षा, मागे फटफट्या, बरोबर छत्र्या, पाण्याच्या बाटल्या आणि छापील कागदांचे गठ्ठे, ऐसा सरंजाम घेऊन पंत प्रथम वरच्या पेठेत दाखल जाहले. तेथे सावकार, वकील, बंगलेवाले यांची वस्ती, आणि त्यांनी पंतांस मऊ आसनांवर बसवून आपली दुःखे सांगितली. कोणास पित्त, कोणास झोप नाही, कोणाच्या कुत्र्यास करमत नाही म्हणोन धन्यासही करमत नाही, आणि एका शेठजींची डाव्या पायाची करंगळी पावसाळ्यात जड होते, तिची कथा ऐकता ऐकता कारकुनांस पेंग आली. सर्वांनी तक्रारी मोजून गुण दिले, कोणी चार, कोणी पाच, आणि पंतांनी लिहून घेतले आणि खाली उतरून तळपेठेत आले.

तळपेठेत रंगारी, विणकर, हमाल, मोलकरणी ऐसे लोक, एका खोलीत सहा माणसे, आणि नाल्यात आज निळे तर उद्या तांबडे पाणी. पंत ओट्यावर बसले, कपभर चहा आला, आणि प्रश्न टाकिला की उत्तर तयार, बरं आहे साहेब. एक रंगारी खोकत खोकत पुढे आला आणि तोही म्हणाला बरं आहे. पंतांनी विचारिले, हा खोकला कधीचा?

"तो आहेच की साहेब. त्याला धरून बरं आहे."

मग गुण किती लिहावे, ऐसे विचारता त्याने उलट पुसले की बाकीच्यांनी किती दिले, आणि आठ-नऊ ऐसे कळताच तो म्हणाला, मग आमचेच कमी कशाला, नऊ घाला. दुसरा म्हणाला की उठून कामाला जाता येतं तोवर माणूस बराच, त्यात विचारायचं काय. तिसऱ्याने ऐकिले होते की ज्या घरात दुखणे निघेल तेथील मुलीस स्थळ येत नाही, म्हणोन त्याने न विचारताच दहा सांगितले. आणि प्रत्येक घरी एकच रीत पडली, की दारात उभा राहून घरधनी सर्वांचे सांगे, आईचे, बायकोचे, लेकीसुनांचे. कारकुनाने क्वचित विचारिले की बाईंना बाहेर बोलावता का, तर धनी म्हणे तिला काय धाड भरलीय, लिहा नऊ. पंतांस ही रीत पसंत पडली, कारण एका चहात अवघ्या घराची मोजणी उरकत असे.

सरकारी कामगारांची घरेही वगळू नयेत ऐसा हुकूम होता, म्हणोन एका रविवारी पंतांचे जुने सहकारी गुंडोजी पंतांच्याच घरी कागद घेऊन आले. पंतांनी आपले गुडघे दाखवून सात सांगितले. गुंडोजींनी पुसले, आणि वहिनींचे? आवडाबाई आत पोहे परतत होत्या, मधे दार देखील नव्हते, परंतु पंतांनी मान न वळविताच सांगितले, तिचे नऊ लिहा, ती कधी आजारी पडत नाही. मग पोहे आले, आणि गुंडोजींनी दोन वेळा घेतले.

पुढे सर्व आकडे राजधानीत एकत्र जाहले, आणि बेरजा मारिता अचंबा ऐसा की गरिबांची प्रकृती धनिकांहून उत्तम, आणि स्त्रियांची पुरुषांहून उत्तम, आणि गरीब घरच्या स्त्रियांची तर अवघ्या राज्यात सर्वोत्तम. विद्वान डोकी खाजवू लागले. परंतु आकडा आला म्हणजे अर्थ लावणे प्राप्त, म्हणोन त्यांनी अर्थ लाविला की दारिद्र्य प्रकृतीस मानवते. दिवाण रंगराव यांनी त्यापुढची मसलत केली, की तळपेठेत स्त्रियांसाठी फुकट दवाखाना चालतो, त्याचे आता प्रयोजन उरले नाही, तो बंद करावा, आणि वाचेल त्या पैशांत वरच्या पेठेत, जेथे लोक खरे दुःखी आहेत, मनःशांतीचे भवन बांधावे, मधोमध कारंजे ठेवावे. भरदरबारी तिमाजीपंतांनी अहवाल वाचावा आणि लागलीच श्रीमंतांनी मोर्तब करावे, ऐसे ठरले.

दरबाराच्या आदले दिवशी पंत दुपारी जेवावयास घरी आले, बहुत खुशीत होते, आणि भाताचे आळे करिता करिता आवडाबाईंस सगळे सांगत गेले, स्त्रियांचा आकडा, विद्वानांचा अर्थ, दिवाणांची मसलत, उद्याचे पद. आवडाबाई वरण वाढीत होत्या. त्यांचा हात थांबला.

"तो दवाखाना बंद करणार?"

पंत म्हणाले की हो, तेथे आता कोण जाते.

"मी जाते," आवडाबाई म्हणाल्या. "दर मंगळवारी."

पंतांस प्रथम वाटले की त्या कोणा मोलकरणीस सोबत म्हणोन जात असतील, आणि तैसे त्यांनी बोलूनही दाखविले. तेव्हा आवडाबाईंनी वरणाचे पातेले खाली ठेविले आणि उभ्यानेच सांगितले की गेली दोन वर्षे अंगावरून फार जाते आहे, आणि रक्त उरले नाही म्हणोन तेथल्या डॉक्टरीण सकीनाबाई सुया देतात, आणि पोटात गाठ आहे, साधी असावी परंतु काढावी लागेल, नाहीतर रक्त ऐसेच जात राहील आणि एक दिवस हृदयास भार होईल, आणि सकीनाबाईंनी मोठ्या इस्पितळात नाव घालून ठेविले आहे. आपल्या पेठेतल्या दवाखान्यात सगळी ओळखीची माणसे, तेथे पुरुष डॉक्टरापुढे हे बोलवेना, म्हणोन त्या तळपेठेत गेल्या. हे सर्व त्यांनी कोणा शेजारणीची हकीकत सांगावी तैसे सांगितले. पंतांच्या हातातील घास हातात राहिला.

"अगं, मग मला बोलली का नाहीस?"

"गुंडोजीभाऊजी आले तेव्हा बोलणार होते. तेवढ्यात तुम्ही नऊ सांगितलंत. परक्या माणसापुढे तुमचा शब्द कसा खाली पाडू?"

पंतांस फार वाईट वाटले, आणि त्याहून अधिक भय वाटले, कारण ज्या बाईवर आपले अवघे घर उभे आहे ती कधीची खचत होती आणि आपण समोर बसून तिचे गुण सांगत होतो. ते पानावरून उठले, आणि चहाची वेळ आली तरी खुर्चीतच बसून राहिले, आणि मनात दोन गोष्टी मांडून पाहिल्या. अहवाल वाचावा तर पद आपले, आणि आवडाबाईंस चांगल्या मोठ्या डॉक्टरास दाखविण्याइतपत पैसा गाठीस आहेच, घरची गोष्ट घरात मिटते. परंतु मग तो खोकणारा रंगारी आणि त्याची बायको डोळ्यांपुढे आली. त्या बायकोस पंतांनी पाहिलेही नव्हते, तिचे फक्त नऊ लिहिले होते.

दुसरे दिवशी दरबार भरला. श्रीमंत गादीवर, दिवाण उजवे हातास, विद्वान ओळीने, आणि तिमाजीपंत अहवाल घेऊन उभे राहिले, आणि वाचीत वाचीत स्त्रियांच्या आकड्यापाशी आले आणि थांबले. दिवाणांनी डोळ्यांनी खूण केली की पुढे चला. पंतांनी अहवाल मिटला आणि ते बोलिले.

"श्रीमंत, यातला एक आकडा खोटा आहे. माझ्या घरचा. माझी बायको आजारी आहे आणि मी तिच्या वतीनं नऊ सांगितले."

दिवाण हसले आणि बोलिले की हजारोंमध्ये एकाने काय बिघडते, तेवढा गाळा आणि पुढे वाचा. पंत म्हणाले, गाळता येत नाही, कारण बाकीचेही आम्ही ऐसेच आणिले आहेत, राज्यातील एकाही बाईस आम्ही विचारिले नाही, धन्याने सांगितले आणि आम्ही लिहिले. विद्वानांत कुजबुज जाहली. मग श्रीमंतांनी हळूच विचारिले, आमच्या वाड्यातला आकडा कोणी दिला? दिवाण गालिच्याकडे पाहू लागले. उत्तर पंतांसच द्यावे लागले, की श्रीमंतांनीच दिला, राणीसाहेबांचे दहा सांगितले.

तेव्हा श्रीमंत उठले आणि कोणास काही न बोलता आत गेले. दरबार बसून राहिला. पानसुपारी फिरली, एका विद्वानास डुलकी लागली, आणि दिवाणांनी दोन वेळा चोपदारास पडद्यापर्यंत पाठविले, आणि तो दोन्ही वेळा तैसाच परत आला. आत काय भाषण जाहले ते कोणास ठाऊक नाही. दासी इतकेच सांगत की आतून राणीसाहेबांचा आवाज येत होता, श्रीमंतांचा येत नव्हता. मग श्रीमंत बाहेर आले, चेहरा उतरलेला, गादीवर न बसता उभ्यानेच बोलिले.

"दवाखाना राहील. तिथं आणखी एक डॉक्टरीण द्या. मोजणी पुन्हा करा, बायकांकडे बायका पाठवा, आणि आकडा जो यायचा तो येऊ द्या."

दिवाणांनी कारंज्याचे काय, ऐसे विचारिले. श्रीमंतांनी ते ऐकिले नाही, किंवा ऐकूनही ऐकिले नाही ऐसे केले.

त्या मंगळवारी पंत रजा काढून आवडाबाईंबरोबर तळपेठेत गेले. बाहेर बाकांवर बायका बसल्या होत्या, त्यांनी सरकारी माणूस पाहून पदर सावरले, आणि पंत कोपऱ्यात अंग चोरून उभे राहिले. मग आत बोलावणे आले. सकीनाबाईंनी चष्म्यावरून दोघांस पाहिले आणि विचारिले, या आठवड्यात कसं होतं? पंतांनी सवयीने तोंड उघडिले. मग त्यांचे त्यांसच कळले आणि त्यांनी ते मिटले. आवडाबाई थोड्या थांबल्या, पंत बोलत नाहीत याची खात्री करून घेतली, आणि सांगू लागल्या. पाठीपासून सुरुवात केली, मग पायांतले गोळे, मग चक्कर, मग पहाटेची धाप, आणि बोलता बोलता त्या खुर्चीत नीट मागे टेकून बसल्या. सकीनाबाई लिहीत होत्या आणि पंत ऐकत होते, आणि त्यांतील एकही गोष्ट त्यांस ठाऊक नव्हती.

सारांश ऐसा की पहिल्या मोजणीत राज्य सुखी निघाले आणि दुसऱ्या मोजणीत आजारी, आणि शेजारच्या राज्याने वेशीवर उभे राहून मनसोक्त हसून घेतले. औषधपाणी जे सुरू जाहले ते दुसऱ्या मोजणीनंतर. खात्याचे प्रमुखपद दिवाणांच्या भाच्यास मिळाले. मोठ्या इस्पितळात गाठ निघाली, साधीच होती, आणि नंतर महिनाभर पंतांनी स्वयंपाक केला, त्याविषयी न लिहिलेले बरे. आवडाबाई आहेत. येथे बोरू ठेविला.